तांब्याचे आठ नट

कारखान्याचा भोंगा परवा पहाटे पुन्हा वाजला आणि पडल्या पडल्याच माझा हात कपाळाकडे गेला. डोकं दुखत नव्हतं. तरी मी उठलो आणि खिडकी उघडली. मळीचा आंबूस-गोड वास आत आला, त्याच्यामागून कुठेतरी पाचट जाळल्याचा धूर, आणि कालव्याच्या रस्त्याने जाणाऱ्या रिकाम्या ट्रॉल्यांचा खडखडाट. बारामतीत हंगाम असाच येतो, आधी कानाला आणि मग नाकाला. पुष्कळांना हा वास आवडतो. मलाही आवडायचा. गेल्या वर्षापासून मात्र तो आला की मी सावध होतो, कारण त्या वासाच्या आड दुसरा एक वास लपून राहू शकतो हे मला आता ठाऊक आहे.

आमच्याकडे वर्षाचे दोनच भाग पडतात, हंगाम आणि बिगरहंगाम. माझा थोरला भाऊ विलास, म्हणजे माझा दादा, साखर कारखान्यात फिटर होता आणि त्याने सगळं आयुष्य असंच मोजलं. बिगरहंगामात सगळं खोलायचं, घासायचं, झिजलेलं बदलायचं. एकदा बॉयलर पेटला की खोलणं बंद. मग फक्त ऐकायचं. तो चालत्या रोलरपाशी डोळे मिटून उभा राहायचा आणि कुठलं बेअरिंग कुरकुरतंय ते सांगायचा. निवृत्त झाल्यावरही उन्हाळ्यात त्याला बोलावणं यायचं. तो गेला तेव्हा बॉयलर पेटायला बारा दिवस उरले होते. सकाळी चहा झाला, पेपर उघडला आणि मान खाली गेली, एवढंच. आमची घरं एकाच आवारात आहेत. मी धावत गेलो तेव्हा पेपर त्याच्या मांडीवर तसाच होता, चष्मा नाकावर होता, आणि मी मूर्खासारखा त्याला म्हणालो, "दादा, झोपलास का?"

दादामागे त्याची एक गाडी राहिली. परदेशी बनावटीची, साठ वर्षांहून जुनी, गोल पाठीची, बटबटीत डोळ्यांसारख्या दिव्यांची. फलटणच्या एका डॉक्टरांनी ती गोठ्याशेजारी टाकून दिली होती. दादाने ती ओढत आणली आणि दोन बिगरहंगाम खपून चालती केली. गल्लीने तिला बेडकी म्हटलं, तेच नाव राहिलं. तिचं इंजिन मागे असतं आणि त्याला पाणी लागत नाही. रेडिएटरच नाही. एक मोठा पंखा इंजिनावर हवा फेकतो, तेवढ्यावर ते गार राहतं. धरणात किती साठा, कालव्याला पाणी कधी, यापलीकडे बोलणं नसलेल्या मुलखात दादाला या गोष्टीचं फार अप्रूप. "हिला ना कालवा लागतो ना बोअर," तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा.

इंजिन गार करता करता ती हवा स्वतः तापते. या जुन्या बनावटीत तीच तापलेली हवा पत्र्याच्या नळ्यांमधून गाडीत आणायची सोय आहे, म्हणजे थंडीत पायांना ऊब. एक दांडी ओढली की झडप उघडते. बेडकीची झडप गंजून अर्धी उघडीच अडकली होती, त्यामुळे ऊब कायमची. आणि इंजिनाच्या हेडला सायलेन्सरच्या नळ्या आठ नटांनी जोडलेल्या असतात, डाव्या बाजूला चार, उजव्या बाजूला चार. तो जोड सैल पडला तर जळका धूर त्या हवेत मिसळतो आणि उबेबरोबर आत येतो. एवढी साधी गोष्ट मला तेव्हा माहीत असती तर बरं झालं असतं.

शेवटच्या उन्हाळ्यात दादाने ते आठही नट बदलले. जुने लोखंडी होते, गंजून खपल्या धरलेले. उसाचा रस लोखंड खातो. कारखान्यात रसाच्या वाटेवर जे टिकतं ते स्टेनलेसचं, म्हणून कारखान्यात हयात घालवलेल्या माणसाला चांगलं म्हणजे स्टेनलेस, एवढंच कळतं. आमच्या खिडक्यांच्या कड्या स्टेनलेसच्या, अंगणातल्या नळाचा पाइप स्टेनलेसचा, वहिनींच्या झोपाळ्याच्या साखळ्यासुद्धा. दादाने हेडमध्ये बसणारे स्टड, म्हणजे नट ज्यांवर चढतात ते आटेदार दांडे, ओळखीच्या लेथवर स्टेनलेसचे कातून घेतले आणि वर नटही स्टेनलेसचेच चढवले. मी तिथेच खुर्ची टाकून वाचत बसलो होतो. शेवटचा नट आवळून तो गाडीखालून सरपटत बाहेर आला, हात पुसले आणि म्हणाला, "जन्माचं काम झालं बघ. आता हितं परत पाना लावायचा न्हाय."

मी पुस्तकातून वर न बघता "हं" म्हणालो. ते चमकणारे नट त्याला मला दाखवायचे होते. मी वाकून बघितले असते तरी मला काही कळलं नसतं, पण बघायला हवे होते.

सुमनवहिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. त्यांचं माहेर इंदापूर. वडील, आबा, तिथेच राहतात. त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं तेव्हापासून आठवड्यातून दोनदा त्यांना व्यायामासाठी बारामतीच्या दवाखान्यात आणावं लागतं. हे काम दादाचं होतं. दादाचे दिवस झाले आणि दुसऱ्याच मंगळवारी वहिनींनी खुंटीवरची किल्ली काढली.

"वहिनी, मी भाड्याची गाडी सांगतो की," मी म्हणालो.

"ह्यांची गाडी दारात असताना?" त्या म्हणाल्या. मी फाटक उघडून दिलं.

थंडी वाढली तशी वहिनींची डोकेदुखी सुरू झाली. इंदापूरहून आल्या की पायरीवर बसायच्या, कानशिलं दाबून. कधी मळमळ, कधी हातपाय गळाल्यासारखे. डॉक्टरांनी रक्तदाब बघितला, रक्त बघितलं, गोळ्या दिल्या आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की धक्का मोठा आहे, वेळ जाईल. मला ते पटलं. मी जन्म महाविद्यालयात ग्रंथपाल म्हणून काढला. मला लिहिलेलं पटकन पटतं, आणि दुःख शरीरात उतरतं हे मी पुष्कळ ठिकाणी वाचलेलं होतं. मी वहिनींना तसं सांगितलंही, जरा समजुतीच्या सुरात. त्या म्हणाल्या, "असंल." आबाही दवाखान्यात पोचेपर्यंत पेंगुळलेले असायचे. पाय उचला म्हटलं तर नुसते बघत राहायचे. त्याला आम्ही म्हातारपण म्हटलं. एकाच गाडीतून उतरणाऱ्या दोन माणसांना आम्ही दोन वेगवेगळी कारणं लावून दिली होती.

जानेवारीतल्या एका सकाळी मी वहिनींबरोबर आबांना आणायला गेलो. गाडीला दोनच दारं, म्हणून आबा पुढे आणि मी मागे. परतताना निमगाव केतकी मागे पडली आणि धुकं उतरलं. भवानीनगरच्या अलीकडे उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली. आम्ही तिच्यामागे अडकलो. काचा बंद होत्या, कारण आबांना वारं सोसत नाही. वीत-वीत पुढे सरकायचं, थांबायचं. ट्रॅक्टरांचा धूर, मळीचा वास, धुक्यात कोंडलेलं पाचटाचं करपट. गाडीत काय वास येतोय असं मनात आलंच असतं, तरी या सगळ्यात तो वेगळा काढता आला नसता. माझ्या डोक्यात हळूहळू एक पट्टा आवळत चालला. मला वाटलं, आज दादाच्या जागेवर वहिनी बसलेल्या दिसताहेत म्हणून. वहिनी गेल्या महिन्यातली कुठलीशी गोष्ट सांगत होत्या. ती संपली आणि त्यांनी तीच गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. मला ते विचित्र वाटलं नाही. मला काहीच विचित्र वाटत नव्हतं. तीच भीती आहे जळक्या धुरातल्या त्या वायूची.

पुढच्या ट्रॅक्टरचा ड्रायव्हर खाली उतरून दोऱ्या तपासत होता. त्याने काचेवर टकटक केली. वहिनींनी काच खाली घेतली.

"बाई, म्हातारं असं का बसलंय?"

आबांची मान छातीवर पडली होती आणि तोंडातून लाळेची तार लोंबत होती. वहिनींनी हाक मारली. पुन्हा मारली. खांदा धरून हलवलं, तेव्हा मान दुसऱ्या बाजूला कलंडली. त्या क्षणी मला दादाच्या मांडीवरचा पेपर दिसला.

ड्रायव्हरने दार उघडून आबांना काखेत धरून बाहेर ओढलं आणि बांधावर बसवलं. मी मागच्या सीटवरून कसाबसा बाहेर निघालो. गार हवा तोंडावर आली. आबांनी डोळे उघडले, ओकले आणि म्हणाले, "आलं का बारामती?" वहिनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत रडायला लागल्या. मी उसाच्या कडेला उभा होतो आणि डोक्यातला पट्टा सैल होत होता. पाच मिनिटांत सैल झाला. दुःख इतक्या लवकर उतरत नाही, एवढं मात्र मला कळलं.

"लई फटफट आवाज येतोय मागनं," ड्रायव्हर म्हणाला. "इंदापुरात रशीदभाईला दाखवा. गाडीतच हाय कायतरी."

हायवेलगत रशीदभाईंचं गॅरेज आहे. साठी उलटलेला, सडपातळ, हळू बोलणारा माणूस. दादाची त्यांच्याशी जुनी ओळख, दोघं एकमेकांच्या कामात खोड्या काढायचे. काचा उघड्या ठेवून बेडकी तिथे आणली आणि खड्ड्यावर उभी केली; वहिनी आबांजवळ घरी होत्या. त्यांनी इंजिन सुरू ठेवलं आणि मला सायलेन्सरच्या तोंडावर फडकं दाबायला सांगितलं. मी दाबलं. इंजिन गुदमरलं, आणि डावीकडून, आतून, फुस् फुस् असा आवाज आला. मग इंजिन बंद करून, ते निवल्यावर आम्ही दोघं खड्ड्यात उतरलो. विजेरीच्या उजेडात डाव्या बाजूच्या मागच्या जोडाभोवती काजळीचा काळा पंखा उमटलेला दिसला.

त्यांनी नटाला पाना लावला. नट हलेना. "दगडावानी घट्ट हाय," ते म्हणाले. मग त्यांनी पाना खाली ठेवला, बोट वर नेलं आणि नटाखालचा वॉशर ढकलला. वॉशर फिरला. सहज, कुणाच्या बोटातल्या सैल अंगठीसारखा.

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी वॉशर पुन्हा एकदा फिरवून पाहिला.

"स्टेनलेसवर स्टेनलेस कोरडं आवळलं ना सर, की कधी कधी आटे आट्यांत रुततात. वेल्डिंग केल्यागत. पान्याला वाटतं, बसला. पर नट मधीच अडकलेला असतो. जोडापातुर दाब पोचतच न्हाय." मग हलक्या आवाजात, "विलासराव गंडलं हितं."

"पण कारखान्यात तर..."

"तितं ग्रीस चालतं, एवढी आच कुठं? हितं नळी लाल होती, ग्रीस जळतं, म्हणून त्यांनी कोरडंच आवळलं."

मी त्या नटाकडे बघत राहिलो. तो अजून चमकत होता. पान्यातून येणाऱ्या घट्टपणावर दादाचा जन्मभर विश्वास होता आणि त्या घट्टपणाने त्याला फसवलं होतं. रशीदभाईंनी विचारलं, "बाईंना सांगायचं का?" मी म्हणालो, "पॅकिंग गेलंय म्हणा." त्यांनी मान हलवली. दादा गेला त्या सकाळपासून मी त्याच्याबद्दलची एकही वाईट आठवण मनात येऊ दिली नव्हती. ही तर आठवणही नव्हती, उघडी दिसणारी गोष्ट होती.

नवे नट कुठले लावायचे यावर एक अख्खी दुपार गेली. रशीदभाईंनी वर्तमानपत्रावर तीन प्रकार मांडले. ट्रॅक्टरच्या दुकानातले साधे लोखंडी नट गंजतात आणि काढायच्या वेळी स्टड मोडतो. पितळी गंजत नाहीत, सोपे निघतात, पण धातू मऊ, फार तापल्यावर ढिले पडायची धास्ती. तिसरा एकच नट होता, कुठल्याशा जुन्या कामातून उरलेला. अंग लोखंडाचं, वरून तांब्याचा मुलामा, तोंडाशी किंचित चेपलेला, हादऱ्याने सुटू नये म्हणून. "तांबं मधी असलं की लोखंड लोखंडाला धरत न्हाय," ते म्हणाले. "घट्ट बसतंय, आन परत काढायची येळ आली की निमूट निघतंय. पुण्यावरनं मागवू. हेडातले स्टडबी लोखंडी घालू."

दादा परत पाना लावायला लागू नये म्हणून आवळत होता. हा माणूस परत पाना लावता यावा म्हणून आवळतो. त्या दुपारी मी हे नुसतं ऐकलं. आता हंगामाच्या दिवसांत, पहाटे जाग आली की यावर विचार करतो. दादाला मी ज्या रीतीने मनात बसवून टाकलं होतं, ती रीत त्याचीच होती, परत पाना लावायचाच नाही.

नट यायला तीन दिवस लागले. तेवढ्यात रशीदभाईंनी जुने स्टड काढायला घेतले. नट सुटायची आशाच नव्हती, म्हणून नटासकट स्टडच हेडमधून फिरवून काढायचे. हेड ॲल्युमिनियमचं, त्यातले आटे मऊ. जोर लागला तर स्टडबरोबर आटेही उपटून येतील, आणि मग इंजिन उतरवण्यावाचून इलाज नाही. सात निघाले. आठवा, तोच काजळीतला, अर्धा वेढा फिरून थांबला.

तेव्हाच वहिनी आल्या. भाड्याच्या जीपने आबांना घरी सोडून चालत आल्या होत्या. हातात औषधाची एक डबी.

"रशीदभाई, हे घ्या. ह्यांनी जास्तीचे करून ठेवलेले. बाहेरून कशाला मागवता?"

डबीवर दादाच्या अक्षरात चिठ्ठी होती, 'बेडकी, जादा'. आत चार स्टड आणि चार नट, तेलाचं बोटही न लागलेले, चकचकीत. रशीदभाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"बाई, पुण्यावरनं आलेत की हे."

वहिनींनी सकाळीच आलेल्या पुडीतला एक नट उचलून उजेडात धरला. "तांब्याचे? गाडी चालवायचीय का देव उजळायचेत? ह्यांनी बघून निवडलेत ते. हेच लावा."

"वहिनी," मी म्हणालो, "हेच होते. ह्यांच्यामुळंच..."

"ह्यांच्यामुळं काय?"

"धूर."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग आवाज चढला. शाळेतला, मागच्या बाकापर्यंत पोचणारा. "जन्म गेला त्या माणसाचा कारखान्यात. आन आता ते न्हाईत म्हणून तुमी दोघं त्यांना नट आवळायला शिकवणार? तुमी? तुमाला सायकलची चेन बसवता येत न्हाय, भाऊजी."

"मला नाही येत," मी म्हणालो. "पण पॅकिंग गेलं असं मी खोटं सांगितलं तुम्हाला."

"बाई," रशीदभाई मध्येच म्हणाले, "मी काय शिकवत न्हाय. तुमीच बघा."

त्यांनी डबीतला एक स्टड टेबलावरच्या शिकंज्यात पकडला, दोन लोखंडी पट्ट्या त्यात ओवल्या, वर वॉशर, वर दादाचा नट. पाना वहिनींच्या हातात दिला. वहिनींनी पदर खोचला आणि आवळलं. नट बसला. वॉशर घट्ट. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दुसरा स्टड, दुसरा नट. तोही नीट बसला. त्यांची हनुवटी वर आली. माझं मन दोन्हीकडे ओढत होतं. तिसराही बसावा असं वाटत होतं, आणि बसला तर त्या हेच नट लावायला लावतील आणि आबांना पुन्हा त्याच गाडीत बसवतील, हेही दिसत होतं.

तिसरा नट फिरता फिरता किरकिरला आणि थांबला. वहिनींनी जोर केला. "बसला," त्या म्हणाल्या.

"वॉशर बघा," रशीदभाई म्हणाले.

वहिनींनी बोट लावलं. वॉशर फिरला. त्यांनी पाना पुन्हा घातला आणि दोन्ही हातांनी, सगळं अंग घालून ओढला. नट हलला नाही. पुन्हा बोट लावलं. फिरला. तिसऱ्यांदा त्यांनी बोट लावलं आणि तसंच ठेवलं.

"आठातला एक असा निघाला की पुरे हाय, बाई. त्यांच्या हाताची चूक न्हाय. हाताला कळतच न्हाय हे."

वहिनी स्टुलावर बसल्या. हायवेवरून दोन ट्रक गेले.

"आठवड्यातनं दोनदा," त्या म्हणाल्या. "दोनदा मी आबांना त्यात घालून आणत होते. काचा लावून." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आन तुमी म्हणत होता दुःख हाय. तुमचं दुःख सायलेन्सरमधनं येत होतं, भाऊजी."

मला हसू आलं आणि ते अर्ध्यावर थांबलं. त्या हसत नव्हत्या. उठल्या आणि म्हणाल्या, "राहिलेला काढा. मी हितंच थांबते."

रशीदभाईंनी हेड गॅसच्या बत्तीने तापवलं, स्टडच्या मुळाशी मेणबत्ती टेकवली. मेण आत ओढलं गेलं. पाव वेढा मागे, थोडा पुढे, पुन्हा पाव मागे. दर वेळी पान्याखालून बारीक करकर येई आणि ते थांबत. खड्ड्याच्या काठावर वहिनी उकिडव्या बसून बघत होत्या, ओठ दाबून. एकदा तर करकर थांबलीच नाही, लांबत गेली, आणि रशीदभाईंनी डोळे मिटले. मग स्टड सैल झाला आणि त्यांच्या तळहातावर आला. त्यांनी छिद्रात विजेरी धरली, करंगळी आत फिरवली.

"आटे जाग्यावर हायेत," ते म्हणाले, आणि खड्ड्यातच खाली बसले.

नवे स्टड गेले, नवी पॅकिंगं गेली. आठ तांबडे नट आधी नुसत्या बोटांनी फिरवले, मग पान्याने, आळीपाळीने, इकडे अर्धा वेढा तर तिकडे अर्धा, म्हणजे नळी वाकडी बसत नाही. शेवटचे दोन वेढे वहिनींनी स्वतः खड्ड्यात उतरून दिले आणि प्रत्येक नटाखाली बोट लावून पाहिलं. इंजिन चालवून तापवलं. मग पुरतं गार होईपर्यंत दोन तास वाट, आणि पुन्हा एकदा आवळणं. वहिनींनी त्या दोन तासांत कुणालाही गाडीपाशी फिरकू दिलं नाही.

आधी आम्ही दोघंच निमगावपर्यंत जाऊन आलो, काचा लावून. "डोकं?" त्या दर मैलाला विचारायच्या. "नाही," मी म्हणायचो. "तुमचं?" "न्हाय." तरी परत आल्यावर त्या अर्धा तास आबांच्या अंगणात नुसत्या उभ्या राहिल्या. मगच आबांना बसवलं.

आबा पुढे, मी मागे. आबांना दोन वळणांतच झोप लागली.

"आबा!" वहिनी ओरडल्या.

"काय गं?"

"काय न्हाय."

थोड्या वेळाने, "आबा!"

"अगं शाळा सुटली तुझी," आबा म्हणाले. "आता हजेरी कुणाची घेती? झोपू दे की."

लासुर्ण्यापुढे वहिनी बोलायला लागल्या. आम्हा दोघांशी नाही. "कुणाला इचारायचं म्हणून न्हाय. सगळं आपल्यालाच कळतं. रशीदभाईला एक फोन केला असता तर काय बिघडलं असतं? जन्माचं काम म्हणे." इतक्या महिन्यांत त्यांच्या तोंडून दादाबद्दल फक्त चांगलंच निघत होतं, माझ्यासारखंच. आता त्या त्याच्यावर चिडल्या होत्या, तो शेजारीच बसला असावा तशा. दादा अशा वेळी काय करायचा ते मला आठवलं. खिडकीबाहेर बघत, ओठ मुडपून, "व्हय, व्हय" म्हणत राहायचा. तेवढंच आठवलं, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. थांबेना.

आरशात वहिनींची नजर माझ्यावर पडली. गाडी एकदम कडेला गेली, इंजिन बंद झालं, दोन्ही दारं उघडली, काय होतंय ते कळायच्या आत त्या आबांच्या बाजूला पोचल्या होत्या आणि त्यांच्या काखेत हात घालत होत्या.

"उतरा आबा, उतरा लवकर! भाऊजी, बाहेर या!"

"काय झालं गं?"

"धूर यायला लागला परत. त्यांच्या डोळ्यांतनं पाणी बघा!"

"धूर नाही, वहिनी," मी म्हणालो. "धूर नाही. डोकं बरं आहे माझं."

त्या तशाच वाकलेल्या राहिल्या, आबांच्या काखेत हात घालून, धापा टाकत. दोन्ही बाजूंना उभा ऊस होता आणि त्यातून वारं येत होतं. आबांनी मान वळवून माझ्याकडे नीट पाहिलं.

"रडतोय व्हय त्यो," ते म्हणाले. "मग रडू दे की. तू दार लाव आधी, गार लागतंय."